आल्या दिवशीचं फुगलेलं तोंड

आमची दोन्ही घरं, घटस्फोटानंतरचं एक माझं आणि एक लेकीच्या आईचं, एका बाबतीत मात्र अगदी एकमताची आहेत, पोरगी दुसऱ्या घरून येते ती बिघडूनच येते. माझ्याकडे सुट्टीला आली की पहिला दिवस धड बोलणं नाही, कानात हेडफोन, काहीही विचारलं की 'हं', आणि माझ्या डोक्यात लगेच सुरू होतं की तिकडे नक्की काहीतरी भरवून पाठवलंय. इथून परत गेली की तिच्या आईचा मेसेज येतो, तुझ्याकडून आली की ही आठवडाभर अशीच वागते, नक्की काय लाड चालतात तेवढं कळव. म्हणजे तीच मुलगी, तेच फुगलेलं तोंड, फक्त दोन घरांनी काढलेला निष्कर्ष बरोब्बर उलटा. आणि गंमत अशी की दोघांपैकी कुणालाच दुसऱ्या घरातला पहिला दिवस दिसत नाही, त्यामुळे दोघंही आपापल्या जागी शंभर टक्के खात्रीने बोलत असतो.

थोडक्यात परिस्थिती सांगतो. घटस्फोटाला बरीच वर्षं झाली, लेक आता चौदाची, राहते आईकडे, मी दुसऱ्या शहरात. लांबच्या सुट्ट्यांना ती माझ्याकडे येते. लहान होती तेव्हा कुणीतरी आणून सोडायचं, आता एकटी येते. आणि मला वाटायचं की मोठी झाली की हे सगळं सोपं होईल. नाही होत. चार वर्षांचं पोर निदान गाडीत बसून रडून मोकळं होतं, चौदाचं पोर रडत नाही, ते बॅग आपटतं.

आता हे तोंड फुगणं कशामुळे, तर मला वाटतं बहुतेक वेळा ते ना आईमुळे असतं ना बापामुळे, ते जाण्यायेण्यामुळे असतं. एका घरात रात्री मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवायचा, दुसऱ्या घरात चालतो. एका घरात एका विषयावर बोललेलं चालत नाही, दुसऱ्या घरात दुसऱ्या. कुणाचं नाव काढलं की कुणाचा चेहरा पडतो हे तिला पाठ आहे, आणि हे सगळं तिला एका प्रवासात डोक्यातल्या डोक्यात बदलावं लागतं. गाडी सांधा बदलते तेव्हा खडखडाट होतोच, त्यावरून रूळ कुणी बिघडवले याची चौकशी बसवायची नसते. आपण मोठी माणसं ऑफिसातून घरी आल्यावर अर्धा तास कुणी बोलू नका म्हणतो की नाही? मग तिला एक दिवस द्यायला काय हरकत आहे.

प्रवासाबद्दल तिनेच एकदा मला सांगितलं की बाबा, मला तो मधला वेळच सगळ्यात आवडतो. मला जरा लागलंच, कारण मी इकडे तयारी करून बसलेलो आणि हिला म्हणे खिडकीची सीट आवडते. पण विचार केला तर बरोबर आहे तिचं, त्या काही तासांत ती कुणाच्याच घरी नसते, कुणाच्याच बाजूची नसते. आणि नेमक्या त्याच वेळात आपण दोन्हीकडून फोन करकरून तिचा जीव खातो. बसलीस का, जेवलीस का, शेजारी कोण आहे, लोकेशन चालू ठेव. आईने विचारलेलंच मी विचारणार आणि मी विचारलेलंच आई, कारण आम्ही एकमेकांना विचारणार नाही ना! आता आम्ही तिघांचा एक ग्रुप केलाय, त्यात फक्त प्रवास. तिकीट, वेळ, निघाले, पोहोचले. बाकी एक अक्षर तिथे टाकायचं नाही असं तिनेच बजावलंय आणि आश्चर्य म्हणजे आम्ही दोघंही ते पाळतो.

विमानाने पाठवणाऱ्यांसाठी एक सांगतो, बऱ्याच कंपन्यांमध्ये १२ वर्षांखालचं मूल एकटं जात असेल तर त्याला सोबत देणारी सेवा घ्यावीच लागते, आणि साधारण १२ ते १७ मध्ये ती घ्यायची की नाही हे पालकांवर असतं, पण कंपनीगणिक नियम वेगळे, बुकिंगआधी बघून घ्या. आणि या वयात ती घ्यायची असेल तर आधी पोराला विचारा, कारण गळ्यात पट्टी अडकवून कुणाच्या तरी मागोमाग चालणं तेराव्या-चौदाव्या वर्षी भयंकर लाजिरवाणं वाटतं आणि तो राग मग उतरल्यावर समोर उभं राहिलेल्या माणसावर निघतो. आई एका देशात आणि बाप दुसऱ्या देशात असेल तर वेगळीच कटकट, सीमेवर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र मागू शकतात, आणि ते पत्र सही करून वेळेवर देणं हा काही घरांमध्ये एकमेकांना छळायचा हक्काचा मार्ग होऊन बसतो. यात पोराला काय वाटत असेल? की माझं जाणं कुणाच्या तरी मर्जीवर लटकलंय.

आता सगळ्यात अवघड वाक्य. 'मला नाही जायचं.' हे वाक्य आलं की दोन्ही घरांमध्ये जो तो आपलीच केस जिंकल्यासारखा किंवा हरल्यासारखा वागायला लागतो. आईला वाटतं बघा, तिलाच नकोय. बापाला वाटतं बघा, कान भरले. आणि पोरीला नको असतं कारण त्याच शनिवारी मैत्रिणीचा वाढदिवस आहे! किंवा टीमचं सिलेक्शन आहे, किंवा कुणीतरी आवडायला लागलंय आणि त्याला सांगता येत नाहीये की दोन आठवडे मी नाहीये. या वयात मित्रमंडळी म्हणजे जगच असतं, आणि आईबाप एकत्र राहणाऱ्या घरातलं पोरगंसुद्धा मामाकडे चल म्हटलं तर तोंड वाकडं करतंच की. तिथे कुणी म्हणत नाही की मामाविरुद्ध कट शिजतोय. आपल्याकडेच प्रत्येक 'नको'चा अर्थ निकालासारखा का वाचायचा?

पण सगळे 'नको' असे हलके नसतात हेही तितकंच खरं. जोन केली आणि जॅनेट जॉन्स्टन या दोघी अमेरिकन संशोधकांनी २००१ मध्ये एका लेखात यावर फार नीट मांडणी केली होती. त्याआधी मूल एका पालकाला नाकारतंय म्हणजे दुसऱ्याने ते फिरवलंय असा एक सरधोपट सिद्धांत बराच चालायचा. या दोघींचं म्हणणं असं की नाकारण्याचे प्रकार वेगवेगळे असतात. कधी मुलाचा ओढा नुसता एकाकडे जास्त असतो, ते अगदी नॉर्मल. कधी भांडणात ते एकाची बाजू घेतं. कधी त्या पालकाचं वागणंच तसं राहिलेलं असतं, मारहाण, दुर्लक्ष, आणि मग दूर जाणं साहजिक असतं. आणि कधी खरंच, कारण फारसं नसताना मूल पार तुटतं. या सगळ्यांना एकच औषध देऊन चालत नाही. मुलगी म्हणाली की मला तिथे भीती वाटते, तर तिकिटाचे पैसे फुकट जातील वगैरे काहीही मनात न आणता थांबायचं आणि नीट ऐकायचं, गरज पडली तर समुपदेशकाकडे जायचं, वकिलाकडे जायचं. आणि म्हणाली की मला तिथे बोअर होतं, तर तो बापाने सोडवायचा प्रश्न आहे, आईने नव्हे आणि कोर्टाने तर नव्हेच.

निरोपांचा विषय काढलाच पाहिजे. 'आईला सांग फी भरली आहे.' 'बाबांना विचार पुढच्या वेळचं तिकीट कोण काढणार.' साधं वाटतं ना? बुकॅनन, मॅकोबी आणि डॉर्नबुश यांनी १९९१ मध्ये एक अभ्यास छापला होता, अमेरिकेतला, पाचशेहून जास्त किशोरवयीन मुलामुलींशी बोलून केलेला, सगळ्यांचे आईबाप वेगळे झालेले. त्यांनी नेमकं हेच विचारलं होतं की आईबाप तुझ्याकरवी निरोप पाठवतात का, दुसऱ्या घराबद्दल नको ते प्रश्न विचारतात का, एकासमोर दुसऱ्याबद्दल बोलताना तू अडखळतेस का. ज्यांचे आईबाप आपसात भांडत होते आणि सहकार्य करत नव्हते त्या मुलांना मध्ये अडकल्यासारखं जास्त वाटत होतं, आणि ज्यांना तसं वाटत होतं त्यांच्यात उदासी आणि वागण्यातल्या कुरबुरी जास्त होत्या. मला हे वाचून सगळ्यात जास्त 'नको ते प्रश्न' टोचलं, कारण हे प्रश्न विचारताना आपला आवाज किती निरागस असतो! 'मग, काय काय केलं तिकडे? कोण कोण आलं होतं?' पोरांना वास येतो बरोबर. मग ती 'काही नाही' म्हणतात आणि आपण म्हणतो ही काही सांगतच नाही.

आणखी एक. भेटीच्या हक्कावरून बाप मंडळी फार पोटतिडकीने बोलतात, मीही बोलायचो, माझा हक्क, माझा वेळ, माझे दिवस. पण १९८९ चा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार काढून बघा, नवव्या कलमात आईबापांपासून वेगळं राहणाऱ्या मुलाने दोघांशीही नियमित संबंध आणि थेट भेट ठेवण्याचा जो हक्क लिहिलाय तो मुलाचा आहे, मुलाच्या हिताविरुद्ध जात नसेल तोवर. बापाचा नाही, आईचाही नाही. आणि बाराव्या कलमात म्हटलंय की मुलाला त्याच्याशी संबंधित गोष्टींत मत मांडता आलं पाहिजे आणि वय आणि समज बघून त्या मताला वजन दिलं पाहिजे. आता पोर पाच वर्षांचं असताना ठरवलेलं वेळापत्रक चौदाव्या वर्षी जसंच्या तसं चालवायचं म्हणजे पाचवीच्या युनिफॉर्ममध्ये नववीत पाठवण्यासारखंच. कोर्टाचा आदेश आहे तर तो मनाने मोडायचा नाही हे कबूल, पण दोघांनी मिळून तो बदलून घ्यायला काय जातं? इगो जातो, दुसरं काही नाही.

माझ्या घरापुरतं सांगायचं तर सगळ्यात जास्त फरक बॅगेमुळे पडला. ती बॅग घेऊन यायची तोपर्यंत पाहुणीच होती. आता इथे तिचा चार्जर आहे, टूथब्रश आहे, दोन-चार कपडे, बाथरूमच्या कपाटात सॅनिटरी पॅड्स, ते मी न बोलता आणून ठेवलेत आणि संपले की पुन्हा आणतो, त्यावर चर्चा नाही. बापांनो हे करा, मुलीला येऊन पहिल्या तासात बापाकडे ते मागायला लावू नका. येताना आता तिच्याकडे छोटीशी सॅक असते आणि त्यात बहुतेक पुस्तकं.

आणि सकाळचे प्लॅन करू नका हो! या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा तयार व्हायला लागतं, आणि १३ ते १८ वयाला आठ ते दहा तास झोप लागते असं झोपेचे डॉक्टर सांगतात. म्हणजे अकरापर्यंत झोपलेली पोरगी तुमचा अपमान करत नसते. मोजकेच दिवस मिळतात म्हणून ते गच्च भरायचे, फिरणं, खरेदी, नातेवाईक, यात बापाचं समाधान होतं पण पोरगी दमते, आणि घरी जाऊन जी चिडचिड करते ती आईच्या वाट्याला. सुट्टीतला बाप कधीच नाही म्हणत नाही आणि वर्षभर नाही म्हणण्याचं खातं आईकडे, हा तर तिच्या आईचा जुना आक्षेप आहे आणि त्यात दम आहे हे मी इथे लिहितोय, तिला सांगणार नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी भांडण होतं. जवळजवळ ठरलेलंच. ओला टॉवेल, रिमोट, काहीही पुरतं. माझा अंदाज आहे की रागावून निघणं हे जीव लावून निघण्यापेक्षा सोपं पडत असावं. तेव्हा त्या संध्याकाळी मी शक्यतो कुठलाही महत्त्वाचा विषय काढत नाही, मार्क्स नाही, करिअर नाही, पुढची भेट तर अजिबातच नाही.

एका मित्राने दुसरं लग्न केलंय, त्याच्याकडे तर मुलाच्या खोलीत आता बाळाचा पाळणा आलाय. मुलगा यायला कुरकुर करतो तर हा म्हणतो आईने फूस लावली. अरे, त्याची खोली गेली! आधी खोलीचं बघ. निदान एक कपाट, एक कोपरा, ज्याला तो नसताना कुणी हात लावत नाही.

सध्या आमच्याकडे पुढच्या सुट्टीच्या तारखांवरून चाललंय. तिला मध्येच एक कॅम्प आहे त्यामुळे माझ्याकडचे दिवस कमी होतायत, मला अर्थात ते आवडलेलं नाही. या वेळी तारखा तिनेच ग्रुपवर टाकल्या, आम्हा दोघांना न विचारता. परतीचं तिकीट शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशीचं नको, एक दिवस आणखी आधीचं काढा म्हणतेय, मध्ये एक दिवस मोकळा पाहिजे, ज्यात कुणी काही विचारणार नाही. तिच्या आईने होकाराचा अंगठा टाकलाय. मी अजून रजेचं बघतोय.