तुम्ही विचारलंत म्हणून: मॅडमच्या गाडीची गोष्ट

जुनं गिऱ्हाईक सर्व्हिसिंगला गाडी लावतं, खुर्ची ओढतं आणि सोबतच्या माणसाकडे बघून म्हणतं, "शेठ, यांना ती मॅडमच्या गाडीची गोष्ट सांगा ना." मी विषय बदलतो. मग ठरलेला प्रश्न येतो. "पूर्वी तर रंगवून सांगायचात. आता काय झालं? कोणी दम दिला का?"

कोणी दम दिलेला नाही. आज एकदा सगळं सांगतो, म्हणजे पुन्हा कोणी विचारायला नको.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. पावसाळा, घोटीजवळ दगड लागून फुटलेलं इंजिनखालचं ऑइलचं चेंबर, टीव्हीवरची नटी, काळ्या काचा आणि मागच्या सीटवर डोक्यावरून टॉवेल ओढून बसलेला पुरुष. तिथे मी थांबायचो. "कोण असेल, तुम्हीच बघा," एवढंच म्हणायचो. मग ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी एखाद्या निर्मात्याचं नाव घ्यायचंच. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

आता खरी रात्र. साल २०१०. गाडी ऑटोमॅटिक, त्यामुळे टोचन करता येईना. क्रेनवर घालून नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या माझ्या गॅरेजात आणली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. मोत्यासारखा पांढरा रंग, आणि खालून ऑइलची धार लागून पार काळी झालेली. मॅडम ऑफिसात बसल्या. मागचा माणूस उतरला तो सरळ माझ्या टेबलाशी आला. पन्नाशीचा असेल. टॉवेल ओला होता, तसाच खांद्यावर. टेबलावर माझे फिक्स पाने विखुरलेले होते. त्यानं एकेक उचलून आकडा वाचला आणि ओळीनं लावायला सुरुवात केली. आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा. चौदा-पंधरा गाडीखाली माझ्या हातात होता. त्यानं त्याची जागा मोकळी सोडली आणि पुढचे लावले. मी पाना परत ठेवला की तो पुसून बरोबर त्या जागेत सरकवायचा. तासभर हेच. मॅडम दर दहा मिनिटांनी बाहेर येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवून जायच्या.

चहा घेताना ड्रायव्हर हळू आवाजात म्हणाला, "मोठे भाऊ आहेत मॅडमचे. तब्येत बरी नसते. त्र्यंबकला पूजा सांगितलीय कोणीतरी, म्हणून निघालो. कुठे बोलू नका." मी म्हटलं, छे हो, मी कशाला बोलतोय.

हे वाक्य माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होतं. गोष्टीत मी ते कधीच घातलं नाही, कारण ते घातलं की गोष्ट तिथेच संपायची. बहीण भावाला घेऊन देवाला चालली आहे, यात कोण खुर्ची पुढे ओढणार?

नाव मी कधी घेतलं नाही, हेही तितकंच खरं. पण गाडीचा रंग सांगितला, नंबरचे शेवटचे दोन आकडे सांगितले, मालिका किती वाजता लागते तेही सांगितलं. सहा-सात महिन्यांनी मुंबईच्या एका पाक्षिकात चौकट आली, 'नाशिकच्या वाटेवर कोण होतं सोबत?' एकानं ती कापून आणून मला दाखवली. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला अभिमान वाटला. माझी गोष्ट छापून आली होती.

आठवड्याभरात ड्रायव्हरचा फोन आला. "शेठ, तुम्ही कोणाला बोललात का?"

मी म्हणालो, "नाही."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग माझ्यावरच येणार. त्या रात्री आपण दोघंच होतो." अकरा वर्षांची नोकरी होती त्याची. ती गेली, हे मला नंतर दुसऱ्या एका ड्रायव्हरकडून कळलं. मी परत फोन केला नाही. नंबर अजून वहीत आहे.

तेव्हाचा मी आजही माझ्याशी भांडतो. तो म्हणतो, गोष्टीत मीठ लागतंच, अलवारच्या महाराजांनी रोल्स रॉईस कचरा वाहायला लावल्या ही गोष्ट लोक शंभर वर्षं सांगतात, कोणी पुरावा मागतं का? तीच गोष्ट पतियाळाच्या नावावरही सांगतात, हैदराबादच्याही. मी त्याला म्हणतो, महाराजांचा ड्रायव्हर तुला फोन करणार नव्हता. त्यावर तो गप्प बसतो. पण पटलंय त्याला, असं मला वाटत नाही.

सचिनच्या फेरारीची गोष्ट मी अजून सांगतो. २००२ साली ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली म्हणून फॉर्म्युला वनवाल्या शूमाकरच्या हातून फेरारी ३६० मोडेना मिळाली, इथपर्यंत सगळ्यांना येतं. २००३ मध्ये कस्टम ड्युटी माफ करण्यावरून गदारोळ झाला, तेही येतं. ती ड्युटी शेवटी फेरारीची तेव्हाची मालक कंपनी फियाटनं भरली, हे सांगायला बरेच जण विसरतात. मी आवर्जून सांगतो. ऐकणारे जरा हिरमुसतात, ते दिसतं मला.

मग गाड्यांचा नाद कसा सुटत नाही, असंही विचारता. का सुटावा? अशी गाडी आली की मी आधी आत बसतो आणि दार ओढून घेतो. मऊ, जड आवाज येतो आणि मुंबई नाक्याकडचे हॉर्न, रिक्षा, सगळं दूर जातं. चामड्याचा वास आणि आपला श्वास, एवढंच उरतं. ती शांतता विकत घेता येते, याची मला आजही असूया वाटते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं काचांवरच्या काळ्या फिल्मला बंदी घातली, तेव्हा मीच कितीतरी गाड्यांच्या फिल्म खरवडून काढल्या. आतलं दिसायला लागलं. आत बहुतेक वेळा माणूस फोनवर बोलत असायचा, नाहीतर झोपलेला.

गेल्या महिन्यात गंगापूर रोडच्या बाजूनं एक मोठी गाडी आली, आत चेहरा ओळखीचा होता. गाडी गेल्यावर माझ्याकडचा पोरगा इतरांना सांगायला लागला, "मागे कोण बसलेलं माहितीये का?" सगळे जवळ सरकले. मीही सरकलो. मग त्याला आत बोलावून ऑइल फिल्टर काढायला लावला. तो अजून फुरंगटून आहे.

त्या नटीचं नाव मात्र विचारू नका.