कोर्सांची वही : तिसरा पावसाळा

जूनमधली प्रवेश अर्जांची आणि दाखल्यांची गर्दी ओसरली की वेंगुर्ल्यात माझं झेरॉक्सचं दुकान गणपतीपर्यंत निवांत असतं. तीन वर्षांपूर्वी अशाच एका पावसाळ्यात मी इंटरनेटवरचा पहिला मोफत कोर्स शिकायला घेतला. आता चौथी दोनशेपानी वही भरत आलीय, म्हणून यंदाची नोंद लिहायला बसले.

गेल्या वर्षी सहा कोर्स हाती घेतले होते. तीन पूर्ण, दोन चालू, एक सोडला. 'पूर्ण' म्हणजे काय ते आधी सांगते, कारण यावरून माझं आणि भाचीचं बरंच बोलणं होतं. शेवटचा व्हिडिओ संपला म्हणजे कोर्स झाला असं मी मानत नाही. गृहपाठातलं प्रत्येक उदाहरण वहीत सोडवून झालं, उत्तरं ताडून पाहिली आणि चुकलेली पुन्हा केली, की मी पानावर लाल शाईने तारीख घालते. पहिल्या वर्षी मी नऊ कोर्सांचे व्हिडिओ पाहिले होते. आज त्यांतले दोनच आठवतात, आणि ते दोन्ही उदाहरणं सोडवलेले.

पहिलं पूर्ण झालं ते पायथन, म्हणजे प्रोग्राम लिहायची संगणकाची भाषा. एनपीटेल या ऑनलाइन कोर्सांच्या योजनेतला, आयआयटी रोपारच्या सुदर्शन अय्यंगार सरांचा 'जॉय ऑफ कम्प्युटिंग', बारा आठवड्यांचा. एनपीटेल २००३ पासून आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी मिळून चालवतात. शिकणं पूर्ण मोफत, पैसे लागतात ते फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला. मी भरली तेव्हा फी हजार रुपये होती. परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते, म्हणून पहाटेच्या एसटीने कोल्हापूर गाठलं आणि रात्री परत आले. प्रमाणपत्राचा मला नोकरीसाठी काही उपयोग नाही, तरी एकदा परीक्षा द्याच असं मी सांगेन. दर आठवड्याची ठरलेली तारीख आणि समोर परीक्षा असली की अभ्यास होतो. घरच्या घरी स्वतःला घातलेली मुदत आपण सहज पुढे ढकलतो.

दुसरा येल विद्यापीठाचा उत्क्रांतीवरचा, स्टीफन स्टर्न्स यांचा. ३६ व्याख्यानं, २००९ साली वर्गात रेकॉर्ड केलेली. लैंगिक आणि अलैंगिक प्रजननाचे धडे आले तेव्हा माझं लक्ष सारखं भावाच्या नर्सरीकडे जात होतं. भाऊ दर पावसाळ्यात कोय कलमं बांधतो. रायवळ आंब्याची कोय रुजवायची, रोप पंधरा दिवसांचं कोवळं तांबूस असतानाच छाटायचं, उभी चीर द्यायची, त्यात हापूसची पाचरीसारखी तासलेली काडी बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळायची. लहानपणापासून बघत आलेय. पण जमिनीखाली एक झाड आणि वर दुसरंच, हे त्या धड्यानंतर पहिल्यांदा डोक्यात शिरलं. खालचा खुंट प्रत्येक कोयीतून आलेला, म्हणून दर रोपाचा वेगळा. वरचा हापूस मात्र सगळीकडे तोच. बापाच्या बागेतला आणि लेकाच्या बागेतला हापूस ही भावंडंसुद्धा नव्हेत, तो एकच जीव काडीकाडीने पसरत गेलेला आहे.

मग पुढचा प्रश्न आला. सगळे एकच असतील तर एकाची खोड ती सगळ्यांची खोड. हापूसमधला साका घ्या. वरून फळ सुंदर, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा गर. कलमं बांधत राहून साका कधीच जाणार नाही, त्यासाठी संकर करावा लागतो. तो आमच्या गावातच झालाय. १९५७ साली सुरू झालेल्या इथल्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' काढला, तो १९८१ मध्ये बाहेर आला. पुढे रत्ना आणि हापूस यांच्यापासून 'सिंधू'. दोन्हींत साका नाही. त्या केंद्राच्या फाटकावरून मी आयुष्यभर ये-जा केली. आत नेमकं काय चालतं हे कळायला मला येलचं व्याख्यान ऐकावं लागलं, याचं मला मनापासून वाईट वाटलं. भावाला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, पण गिऱ्हाईक हापूसच मागतं." तेही खरं. निवड माणसाने केली तरी ती निवडच, आणि त्यावरही त्या कोर्समध्ये बोलणं आहे.

तिसरा कोर्स शेली केगन यांचा मृत्यूविषयीचा, तोही येलचाच, २६ व्याख्यानं. टेबलावर मांडी घालून बसतात आणि खडू हातात घेऊन बोलतात. आई गेली त्या वर्षी मी तो सुरू केला होता आणि चौथ्या व्याख्यानाला थांबले होते. या वर्षी पहिल्यापासून ऐकला. आत्मा नावाची वेगळी वस्तू नाही असं त्यांचं म्हणणं, आणि ते एकेक पायरी चढत तिथवर नेतात. मला ते सगळं पटलं नाही. पण कुठल्या पायरीवर पटलं नाही हे मला नेमकं दाखवता येतं, आणि तसं मी वहीत चार पानं लिहिलं आहे. श्राद्धाच्या दिवशी ती पानं पुन्हा वाचली. त्याबद्दल इथे एवढंच.

सोडलेल्या कोर्सबद्दल थोडक्यात. संख्याशास्त्राचा होता आणि शिकवणं छान होतं. अर्ध्यात आल्यावर चाचण्यांना कुलूप लागलं आणि पैसे भरा असा संदेश आला. सुरुवातीला तसं कुठे ठळक लिहिलेलं नव्हतं. शिकवणाऱ्याला मोबदला मिळायला माझी हरकत नाही, पण हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. आता मी नोंदणीआधी दोन गोष्टी बघते : गृहपाठ उत्तरांसकट उघडा आहे का, आणि फाइली उतरवून घेता येतात का. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचं ओपनकोर्सवेअर आणि येलचं ओपन येल या दोन्हींत लॉगिनसुद्धा लागत नाही. आपले कोर्स नेटवर मोफत ठेवायची कल्पना एमआयटीने २००१ मध्ये जाहीर केली आणि पुढच्या वर्षी पहिले पन्नास कोर्स खुले केले. आमच्यासारख्या गावांना हे किती सोयीचं आहे ते पावसाळ्यातच कळतं. माड पडला की वायर तुटते, वायर तुटली की तीन-तीन दिवस नेट नाही. मे महिन्यातच सगळी व्याख्यानं पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. व्याख्यानाचा लिखित मजकूर मिळत असेल तर तोही छापा. इंग्रजी उच्चार कानाला चटकन लागत नसतील तर आधी तो वाचायचा आणि मग ऐकायचं. मी सगळं पाठपोट छापून स्पायरल करते, मशीन घरचंच आहे.

चालू असलेल्यांपैकी एक म्हणजे एमआयटीचं गिल्बर्ट स्ट्रँग यांचं रेषीय बीजगणित, १९९९ मधलं रेकॉर्डिंग. दहाव्या व्याख्यानावर, 'चार उपअवकाश' नावाच्या धड्यापाशी, दोन महिने अडकलेय. पहिलंच व्याख्यान मात्र कोणीही पाहावं. 2x − y = 0 आणि −x + 2y = 3 ही शाळेतली जोडी. शाळेत आपण दोन रेषा काढून छेदबिंदू शोधतो. स्ट्रँग तेच उभं वाचायला सांगतात : (२, −१) हा एक बाण, (−१, २) हा दुसरा, आणि यांतले किती-किती घेतले की (०, ३) वर पोचू? पहिला एकदा, दुसरा दोनदा. दहावीला मी हे गणित शंभर वेळा सोडवलं असेन, बाण एकदाही दिसले नव्हते.

आता ज्यासाठी मुख्यतः ही नोंद लिहितेय ते समुद्राच्या भरतीचं प्रकरण.

दुसरा चालू कोर्स येलच्या चार्ल्स बेलिन यांचा खगोलभौतिकीचा. त्यात गुरुत्वाकर्षणाने ग्रहांच्या कक्षांची गणितं करायला शिकवतात. ती जमायला लागल्यावर वाटलं, आपल्या दारात रोज दोनदा पाणी चढतं त्याचं गणित का करू नये? शेजारी तात्या राहतात, जन्मभर होडीवर. त्यांना विचारलं तर म्हणाले, "वैनी, तिथी मोजूची, पाऊणपट करूची. घड्याळ कित्याक व्हया?" कोकणात हा हिशेब जुना आहे. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराला.

पाऊणच का? तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकणं. पृथ्वीला ३६० अंश फिरायला २४ तास, म्हणजे १२ अंशांना ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. तीन मिनिटं सोडून दिली की तोंडी हिशेब सोपा होतो. हे कागदावर उतरलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्याने कोणी हे पहिल्यांदा बसवलं त्याला नमस्कार.

मग पडताळा. मार्गशीर्षात शुद्ध प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंत रोज खाडीच्या जेटीवर गेले. बहुतेक दिवशी उजेडात एक तरी भरती मिळते. पायऱ्यांवर खडूने आकडे घातले आणि पाणी जिथे थांबलं ती पायरी आणि वेळ लिहिली. पाणी वर येऊन थांबल्यासारखं दिसतं ते दहा-पंधरा मिनिटं, त्यामुळे तेवढी चूक धरून चाला. महिनाअखेर तीन गोष्टी दिसल्या. पौर्णिमेला आणि अमावास्येला हिशेब जवळपास बरोबर, पाणी अकराच्या आसपास भरलं. अष्टमीलाही बरोबर. पण चतुर्थीला तीनऐवजी पावणेदोनलाच पाणी भरलं. तात्यांना सांगितलं तर ते हसले, "पयल्या तिथींका पाणी आदीच भरता." त्यांना ठाऊक होतं, मी विचारलं नव्हतं इतकंच.

कारण शोधायला पंधरा दिवस गेले. भरती चंद्राच्या नुसत्या ओढीने येत नाही. पृथ्वीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूवर पडणाऱ्या ओढीत जो फरक असतो त्याने येते. म्हणूनच दिवसाला दोनदा येते. हा फरक अंतराच्या घनाने कमी होतो. सूर्याचं वस्तुमान चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट, अंतर ३८९ पट. ३८९ चा घन ५ कोटी ८९ लाखांच्या आसपास. भागाकार केला : ०.४६. एवढा अवाढव्य सूर्य, पण भरतीच्या कामात चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. दोघे एका रेषेत आले की १ + ०.४६, ते उधाण. काटकोनात आले की १ − ०.४६, ती भांगाची भरती. आणि मधल्या तिथींना पाण्याचा फुगवटा नेमका चंद्राच्या रोखाने नसतो, सूर्य त्याला थोडा आपल्याकडे ओढून धरतो. म्हणून उधाणाच्या दिवसांत भरती रोज पस्तीस-चाळीस मिनिटंच पुढे जाते, आणि अष्टमीच्या सुमाराला एकदम सव्वा तासाने. सरासरी काढली की ४८ च्या आसपास येते. पाऊणपटीचा हिशेब सरासरीचा आहे, रोजचा नव्हे.

पायथन इथे कामाला आलं. तिथी दिली की दोघांच्या ओढीची बेरीज करून वेळ काढणारा चाळीस ओळींचा प्रोग्राम लिहिला. आमच्या जेटीवर अमावास्येला अकरा ही एक सुधारणा हाताने घातली, कारण किनाऱ्याचा उतार आणि खाडीचं तोंड माझ्या गणितात नाही. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते, मुंबईला ती आमच्यानंतर पोचते. तेव्हा मालवणला किंवा रत्नागिरीला कोणी हे करणार असेल तर तो आकडा तिथल्या जेटीवर स्वतः मोजूनच घ्या. अजून एक कोडं सुटायचं आहे : दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, कधी दोन पायऱ्यांचा फरक पडतो. चंद्र विषुववृत्ताच्या वर-खाली जातो त्याने हे होतं इथवर समजलंय, गणित बसलेलं नाही. त्यासाठी त्रिकोणमिती पुन्हा काढलीय, खान अकॅडमीवर अगदी नववीपासून.

या आषाढात दर सोमवारी आठवड्याच्या भरतीच्या वेळा छापून दुकानाच्या दारावर लावतेय. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्यामुळे तात्या जाळी विणत पडवीतच असतात. ते रोज येऊन कागद वाचतात आणि पेन्सिलीने शेजारी आपली वेळ लिहितात. आतापर्यंत आठ दिवसांत पाच वेळा त्यांची वेळ पाण्याच्या जास्त जवळ निघाली, तीन वेळा माझी.

परवा षष्ठी. पाऊणपटीने साडेचार येतात, माझ्या कागदावर तीन वाजून दहा मिनिटं आहेत, तात्यांनी पुढे साडेतीन लिहिलंय. दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही दोघं छत्र्या घेऊन जेटीवर जाणार आहोत.