व्हॅनिटी टॉप कापणं सोपं आहे, भिंत मोजणं अवघड

इकडे न्यू जर्सीत आपल्या बऱ्याच लोकांची घरं १९८०-९० च्या काळातली आहेत, आणि बाथरूममधल्या व्हॅनिटीवर, म्हणजे बेसिनखालच्या कपाटावर, तो पिवळा पडलेला, बेसिनसकट एकाच तुकड्यात ओतलेला कल्चर्ड मार्बलचा टॉप हमखास असतो. बदलायचा म्हटलं की दुकानात रेडीमेड मापं ठरलेली. २५, ३१, ३७, ४९, ६१ इंच, म्हणजे खालच्या कपाटापेक्षा एक इंच जास्त, दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच बाहेर यावा म्हणून. एका बाजूला तरी मोकळी जागा असेल तर प्रश्नच नाही, पण आमचं ४८ चं कपाट दोन भिंतींच्या मधे आहे, तिथे ४९ चा टॉप कसा बसणार? मापाचा बनवून मिळतो, पण पैसे जास्त आणि वाट बघत बसायची. सगळे म्हणाले दगड आहे, घरी कापू नकोस, तडकेल. मला हे मुळीच पटत नाही.

कारण तो दगड नाहीच. पॉलिस्टर रेझिनमध्ये संगमरवराची भुकटी कालवून साच्यात ओतलेला माल आहे आणि वरती जेलकोटचा पातळ थर, जेमतेम अर्धा मिलिमीटर. चमक, रंग, पाणी अडवणं, सगळं त्या थरात. कापल्यावर कडेला नीट बघा, वर काचेसारखी रेघ दिसते आणि खाली मळकट पांढरा, खडबडीत माल. टॉप तडकण्याची भीती कमी, जेलकोटचे टवके उडण्याचीच जास्त, म्हणून सगळी काळजी त्या रेघेची घ्यायची.

बाबा सध्या इकडे आलेत, आयुष्यभर बांधकामावर गेलेला माणूस, त्यांनी टेप घ्यायच्या आधी गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, मागितला. म्हणाले, "अरे, भिंत गुण्यात आहे का बघ आधी, दगडाचं नंतर बघू." गुण्या लावला तर डावी भिंत पुढे येता येता आत झुकलेली. इथल्या ड्रायवॉलच्या (जिप्सम बोर्डाच्या) भिंतींच्या कोपऱ्यात जॉइंट कंपाउंड, म्हणजे सांधे बुजवायचा लेप, साचतं त्यामुळे इथे हे सर्रास होतं. म्हणून माप फरशीजवळ घ्यायचं नाही, टॉप ज्या उंचीवर बसणार तिथेच घ्यायचं, मागे, मधे आणि पुढे, तिन्ही वेगळी निघतात. आम्ही पुठ्ठा कापून भिंतीला टेकवला, कंपासने भिंतीची रेघ त्यावर उतरवली आणि तोच पुठ्ठा टॉपवर ठेवून खूण केली. यात अख्खी सकाळ गेली आणि ती जायलाच हवी.

कापायचं एकाच बाजूने, आणि जी भिंत जास्त वाकडी तिकडूनच. बेसिन मधोमध राहत नाही, साधारण अर्धा इंच सरकतं, पण ते डोळ्यांना कळत नाही आणि खालचा ट्रॅप (बेसिनखालचा वाकडा पाइप) तेवढं सांभाळून घेतो. कापलेली कड भिंतीकडे गेली पाहिजे, ती उघडी ठेवायची नाही, तिथे जेलकोट नसतो. आणि दोन्ही भिंतींपाशी साधारण १/८ इंच फट सोडायची, सिलिकॉनसाठी (फट बुजवायचा रबरासारखा लेप).

कापायला अँगल ग्राइंडर आणि अखंड कडेचं डायमंड ब्लेड. रेघेवर मास्किंग टेप, टेपवर परत पेन्सिलची खूण, पहिल्या फेरीत फक्त जेलकोट चिरायचा, मग हळूहळू खोल जायचं, घाई करून दाबायचं नाही. निघणाऱ्या पट्टीखालीसुद्धा आधार हवाच, नाहीतर शेवटचा इंच राहिला की ती स्वतःच्या वजनाने मोडते आणि कोपरा घेऊन जाते. सर्क्युलर सॉ (गोल पात्याची विजेची करवत) असेल तर टॉप पालथा घालून कापा, त्याचे दात खालून वर येतात त्यामुळे टवके वरच्या बाजूला उडतात. पण मागची, भिंतीला टेकणारी चार इंची उभी पट्टी टॉपलाच ओतलेली असेल तर तो पालथा सपाट बसत नाही, मग ग्राइंडरच बरा.

धुळीबद्दल मात्र कळकळीने सांगते, हे अंगणातच करा, घरात नको. पीठ उडावं तशी पांढरी धूळ उडते, रेझिनचा उग्र वास येतो. ही मुख्यतः संगमरवराची धूळ, क्वार्ट्झच्या ओट्यासारखी सिलिकाने भरलेली नाही (त्या सिलिकापायी कामगारांची फुप्फुसं गेली म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तशा इंजिनिअर्ड दगडावर बंदीच घातली), पण म्हणून नाकाला रुमाल बांधून चालणार नाही, चांगला घट्ट बसणारा मास्क आणि गॉगल पाहिजेच. आणि क्वार्ट्झचा टॉप असेल तर हे वाचून घरी कापायला जाऊ नका, प्लीज.

नंतर कड २२० च्या पॉलिश पेपरने घासायची, हात कायम वरून खाली, जेलकोटकडून मागच्या बाजूला. उलटा घासला की परत टवके.

बसवताना एक बाजू आधी टेकवून दुसरी तिरपी खाली सोडू नका. मागच्या पट्टीमुळे तिरप्यात लांबी पाव इंचाच्या आसपास वाढते आणि भिंत खरवडते. दोघांनी दोन टोकं धरून सरळ खाली उतरवायचा. आमचा तसाच बसला, बाबांनी लगेच लेव्हल ठेवून पाहिली, मग कपाटाच्या कडेवर सिलिकॉनचे ठिपके, फटीत सिलिकॉनची रेघ, आणि दुसऱ्या दिवशी नळ जोडला.