पावणेचारशेचा डायोड

नवी पेठेत माझं रिपेरिंगचं दुकान आहे. सुरुवात टेपरेकॉर्डरपासून झाली, मग टीव्ही, मग डीव्हीडी प्लेअर. आता इन्व्हर्टरची किट, लूमवाल्यांचे टायमर, जे येईल ते घेतो. लेझर डायोड म्हणजे लेझरचा किरण सोडणारा चिमुकला भाग. त्याच्याशी माझा संबंध डीव्हीडीच्या पिकअपपुरता, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या भागापुरता: डिस्क वाचत नाही म्हणून गिऱ्हाईक आलं की लेन्स पुसायची, नाही जमलं तर पिकअप बदलायचा.

तो पोरगा पहिल्यांदा आला तेव्हा काही दुरुस्तीला घेऊन आला नव्हता. "काका, मेलेला ब्लू-रे प्लेअर आहे का?" सोलापुरात ब्लू-रे घेतला कुणी! पण एकाच्या मेव्हण्याने दुबईहून आणलेला एक पीस माझ्या माळ्यावर धूळ खात होता. त्याने तिथेच उकिडवं बसून तो खोलला आणि तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा डायोड चिमट्यात धरून मला असा दाखवला की जणू सोन्याचा मणी.

पोरगा पूर्व भागातला, वडिलांचे टॉवेलचे लूम. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि छंद लेझरचा. आपल्याकडे पोरं जुनी नाणी जमवतात तशा हा तरंगलांबी जमवत होता. प्रत्येक रंगाच्या उजेडाची ती वेगळी, नॅनोमीटरमध्ये मोजायची. लाल ६५०, हिरवा ५३२, निळा ४५०, आणि माझ्या माळ्यावरचा जांभळा ४०५. त्याच्या भाषेत चारशे पाच. पण त्याचा जीव अडकला होता पावणेचारशेत. ३७५ नॅनोमीटर, म्हणजे डोळ्याला दिसतच नाही असा अतिनील.

"न दिसणारा उजेड घेऊन करणार काय बे?" मी विचारलं.

"तोच तर नाही ना काका माझ्याकडे."

आता ह्यावर काय बोलायचं.

चहा पिता पिता त्यानेच समजावलं. चारशे पाच स्वस्त, कारण ब्लू-रे आणि प्लेस्टेशनसाठी ते ढिगाने बनले. ही सगळी वस्तू गॅलियम नायट्राइडची. जपानात निचिया नावाच्या कंपनीत नाकामुरा नावाचा माणूस त्यावर बसला होता, पुढे २०१४ चं नोबेल त्याला आकासाकी आणि अमानो यांच्यासोबत मिळालं, निळ्या एलईडीसाठी. ह्या स्फटिकात थोडं इंडियम घातलं की जांभळा, निळा उजेड देतो. इंडियम कमी करत गेलं की रंग अतिनीलकडे सरकतो, पण उजेड द्यायची त्याची ताकदही उतरते. आणि ३६५ च्या आसपास भिंत लागते, पुढे अ‍ॅल्युमिनियम घालावं लागतं, मग थरांना तडे जातात. नागोयात अमानोंच्याच विद्यापीठाने २०१९ मध्ये २७१.८ पर्यंत मजल मारली, पण ती प्रयोगशाळेतली गोष्ट. ३७५ चे विकत मिळतात, सूक्ष्मदर्शक आणि पेशी मोजायच्या यंत्रांत बसतात, म्हणून किंमतही त्या यंत्रांच्या तोलाची. नवा घ्यायचा तर एक चांगली मोटारसायकल येईल.

छंदी माणसाची अशी अडचण म्हटल्यावर ठकवणारे आलेच. '३६५ नॅनोमीटर लेझर' म्हणून त्याने ऑनलाइन दोनदा टॉर्च मागवली होती. दोन्ही वेळा नोटेवरचे धागे चमकले, शर्ट चमकला, पोरगा खूश. पण ते चारशे पाचनेही चमकतात. पांढऱ्या शर्टात रानीपाल, पांढऱ्या कागदातही तसलंच रसायन, त्यामुळे काहीही मारा, ठिपका निळाच दिसतो. लूमवाल्याच्या पोराला हे उशिरा कळलं ह्याचंच मला हसू आलं.

गेल्या मेमध्ये, रस्ता भाजत होता अशा दुपारी, तो डबी घेऊन आला. काळ्या स्पंजमध्ये खोचलेला डायोड. पुण्यातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेच्या भंगारातून, तीन हातांतून फिरत आलेला. अठरा हजार मोजले होते. घरी सांगितलं होतं दीड हजार.

"खरा आहे का ते आज बघायचं," तो म्हणाला.

मी शटर अर्धं खाली ओढलं. त्याने दोन चष्मे काढले आणि आधी माझ्या डोळ्यांवर चढवला. जांभळा झळकला तर निदान पापणी मिटते, हा दिसतच नाही, आणि डोळ्याच्या भिंगातच जिरून ते गढूळ करतो, असं त्याचं म्हणणं. मोतीबिंदूचं एक ऑपरेशन घरात झालेलं असल्यामुळे मी वाद घातला नाही.

मग त्याने जे केलं ते मी आयुष्यभर डीव्हीडी हाताळून कधी केलं नव्हतं. सिनेमाची एक जुनी डीव्हीडी घेतली आणि कडेला ब्लेड घालून तिचे दोन पापुद्रे वेगळे केले. चांदीसारखा थर उघडा पडला. त्यावरच्या रेघा एकमेकींपासून ०.७४ मायक्रॉनवर असतात. उजेड त्यावर सरळ मारला की काही भाग बाजूला फुटतो, आणि किती बाजूला ते तरंगलांबीवर ठरतं. प्लास्टिकमधून मारलं तर प्लास्टिक अतिनील गिळायची भीती, म्हणून हा उद्योग. डिस्कसमोर बरोबर अर्ध्या मीटरवर कागद, कागदाला मध्ये भोक, भोकातून किरण.

आधी ब्लू-रेवाला लावला. भोकापासून ३२.७ सेंटिमीटरवर निळा ठिपका. मग ती '३६५' ची टॉर्च. हिशोबाने ठिपका सव्वाअठ्ठावीसच्या थोडा पुढे पडायला हवा होता, पडला साडेबत्तीसला. तो काही बोलला नाही, नुसती मान हलवली.

मग डबीतला. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे डायोडला मोजून करंट देणारं सर्किट, लावला, करंट हळूहळू वाढवत पन्नास मिलिअँपियरपर्यंत नेला. कागदावर तसाच निळा ठिपका, रंगावरून काही कळू नये असा. त्याने फूटपट्टी लावली, वाकून बघितलं, मला बघायला लावलं. २९.४.

पोरगा स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागला. मीही हसलो. शेजारच्या साडीवाल्याने शटरखालून डोकावून विचारलं, काय झालं म्हणून. काय सांगणार? पावणेचारशे सापडला.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं.

डायोड आत्तापर्यंत नुसता क्लिपवर होता. त्याला पितळी हाउसिंगमध्ये लेन्ससकट बसवायचा, तर वायरी डाग देऊन लावायला हव्यात. त्याचा हात थरथरत होता. म्हणाला, "काका, तुम्हीच द्या डाग. तुमचा हात साफ आहे." मलाही ते गोड वाटलं. खोटं कशाला बोलू.

नवा डीव्हीडी पिकअप येतो तेव्हा डायोडच्या टोकांवर सोल्डरचा एक ठिपका मारलेला असतो, दोन्ही टोकं एकत्र जोडणारा. अंगातली स्थिर वीज लागून डायोड मरू नये म्हणून. पिकअप बसवून केबल लावली की मग तो ठिपका काढायचा. असे शेकडो ठिपके मी ह्या हाताने काढलेत. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मी टोकं जोडून घेतली नाहीत, मनगटाला पट्टा नाही, बसलो नायलॉनच्या खुर्चीवर, हवा ठणठणीत कोरडी. दोन डाग दिले. झकास बसले.

ड्रायव्हर लावला. करंट पन्नास. कागदावर ठिपका नाही. भोकाभोवती नुसता धुरकट निळसर उजेड, चाळीतल्या झिरोच्या बल्बसारखा. करंट जातोय, पण लेझर संपला. पोरगा एकच वाक्य बोलला, "एलईडी झाला काका."

मी क्लिप काढल्या, पुन्हा लावल्या, ड्रायव्हर बदलला. उगीच. मग मला काय सुचलं कोण जाणे, खिशातला टेस्टर काढून मी सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला लावला. टेस्टरमधला निऑन लागला. मंद, पण लागला. माझं आयर्न तीन पिनांचं आहे. एक्स्टेंशन बोर्डही तीन पिनांचा आहे. पण भिंतीतल्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे वायरच नाही. दुकान घेतलं तेव्हाच वायरमनने सांगितलं होतं, "अर्थिंग नंतर करून घ्या मालक." त्याला एकोणीस वर्षं झाली.

म्हणजे खुर्चीने मारला की आयर्नने, हे आता डायोडच सांगू शकला असता.

मी गल्ल्यातून होते तेवढे पैसे काढले. त्याने हात लावला नाही. मला वाटलं रडेल, ओरडेल; ओरडला असता तर मलाच सोपं गेलं असतं. "आमच्या शेडमध्ये उन्हाळ्यात दिवसभर पाण्याचा फवारा चालू ठेवतात," तो म्हणाला, "सूत तुटतं कोरड्या हवेत, वीज धरतं. मला कळायला पाहिजे होतं." स्वतःलाच दोष देऊन डबी घेऊन गेला. त्या रात्री भाकरी काही घशाखाली उतरली नाही.

आठवड्याच्या आत दुकानामागच्या बोळात खड्डा काढला. तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा, वरून पाइप. उन्हाळ्यात त्यात रोज पाणी ओतावं लागतं, नाहीतर माती सुकते आणि अर्थिंग नावालाच राहतं. आमच्याकडे नळाला पाणी चार-चार दिवसांनी. घरून कळशी भरून निघालो की बायको विचारते, दुकानात झाड लावलंय का?

पोरगा येतो अजून. दिवाळीनंतर त्याने तो मेलेला डायोडच हाउसिंगसकट पेटीत ठेवला, चारशे पाचच्या शेजारी, चिठ्ठीवर ३७५ लिहून. नवा मिळाला तर बाजूला ठेवायला जागा सोडली आहे. काही कामाचं घेऊन आला की पिशवी खाली ठेवतो, न विचारता माझ्या खिशातला टेस्टर काढतो आणि आयर्नच्या टोकाला लावतो. नाही लागला की मग डबी उघडतो.