अथेन्समधील पुजारिणींच्या मानाच्या खुणा

अथेन्सला जाणारे बहुतेक प्रवासी पहिल्याच सकाळी अॅक्रोपोलिसची टेकडी चढतात. प्राचीन ग्रीक धर्मातील पुजारिणींना मिळालेले सार्वजनिक मान ज्यांना पाहायचे असतील त्यांनी मात्र राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयापासून सुरुवात करावी, असे चार दिवसांच्या मुक्कामानंतर माझे मत झाले आहे. व्हिक्टोरिया मेट्रो स्थानकापासून तेथे चालत जाता येते.

शिल्पदालनात अथेन्सच्या ईशान्येकडील रॅम्नूस येथे सापडलेला, अरिस्टोनोए या नेमेसिस (दैवी सूडाची देवी) हिच्या पुजारिणीचा इ.स.पू. तिसऱ्या शतकातील पुतळा आहे. तो तिचा मुलगा हिएरोक्लीस याने न्यायाची देवी थेमिस हिला अर्पण केला, असे बैठकीवरच कोरलेले आहे. न्यायालयातले वक्ते ज्या समाजात प्रतिष्ठित घरच्या हयात स्त्रीचे नाव घेणेही टाळत, त्याच समाजात हे नाव, वडिलांच्या नावासह आणि पदासह, देवळात येणाऱ्या प्रत्येकाला वाचता येईल असे दगडावर उतरले होते, हे ध्यानात आल्यावर माझा पाय तेथून लवकर निघाला नाही. शेजारच्याच काळातील थेमिसची भव्य मूर्तीही पाहावी. तिच्या बैठकीवरील लेखात कॅलिस्टो या पुजारिणीच्या कारकिर्दीवरून काळ सांगितला आहे. एखाद्याच्या पदावरून वर्ष ओळखले जाणे, हाही मोठा मानच होता.

मिर्रिने नावाच्या स्त्रीचा संगमरवरी समाधिकुंभही येथेच आहे. त्यावर मृतांना परलोकी नेणारा देव हर्मीस तिचा हात धरून तिला नेत आहे आणि ती शेजारच्या माणसांपेक्षा उंच दाखवली आहे. अथीना नायकीची (विजयदेवतेच्या रूपातील अथीना) पहिली पुजारीण ती हीच, असे अनेक अभ्यासक मानतात. हे पद घराण्याकडे नव्हते. सर्व अथेनियन स्त्रियांमधून निवड होई आणि वर्षाला 50 द्राख्मा (चांदीची नाणी) तसेच सार्वजनिक बळींच्या तंगड्या व कातडी मिळत.

दुसऱ्या दिवशी अॅक्रोपोलिसला जावे. वेळ ठरवून आधीच तिकीट काढावे आणि दक्षिण उतारावरील प्रवेशद्वाराने शिरावे, म्हणजे डायोनिससचे नाट्यगृह प्रथम लागते. पुढच्या रांगेतील संगमरवरी खुर्च्या बहुतांशी पुरोहितांच्या व अधिकाऱ्यांच्या आहेत. पुजारिणींची नावे मागच्या बाकांवर कोरली गेली होती. अक्षरे झिजलेली असल्याने तिरका प्रकाश असणारी सकाळ किंवा संध्याकाळ निवडावी.

टेकडीवर लिसिमाखेचा पुतळा होता. ती 88 वर्षे जगली आणि 64 वर्षे अथीना पोलियासची (नगररक्षक अथीना) पुजारीण होती, असे तिच्या बैठकीवरील लेखावरून कळते. याच पदावरील क्रिसिस इ.स.पू. 106/105 मध्ये अथेन्सच्या मिरवणुकीबरोबर अपोलोच्या देववाणीचे स्थान असलेल्या डेल्फीला गेली, तेव्हा डेल्फी नगराने तिला मुकुट, करमाफी, खेळ पाहताना पुढची जागा आणि देववाणीला प्राधान्याने प्रश्न विचारण्याचा हक्क दिला. तो मान तिच्या वंशजांनाही होता, आणि मला सर्वांत महत्त्वाचे हेच वाटले.

एक दिवस हाती असेल तर रॅम्नूसला जावे. सार्वजनिक वाहतूक अपुरी असल्याने भाड्याची गाडी सोयीची. निघण्यापूर्वी उघडण्याच्या वेळा तपासाव्यात, पाणी आणि टोपी सोबत ठेवावी. तेथे दोन देवळांचे पाये एकमेकांना जवळजवळ टेकलेले दिसतात. अरिस्टोनोएचा पुतळा उभा होता तो यांतील आकाराने लहान देवळात.