तिने हाक मारली नाही

बुधवार, 15 ऑक्टोबर 2025. रात्रीचे पावणेअकरा.

रविवारी मासेवाली मावशी दारावरून गेली आणि तिने हाक मारली नाही.

एवढंच झालंय. यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, "बरं झालं, नको म्हणायचा त्रास वाचला." लेकीला फोनवर सांगावी अशी ही गोष्टच नव्हे. तिचं सेमिस्टर, तिची फी, तिचे प्रश्न वेगळे. म्हणून हिशेबाचीच वही उलटी धरून शेवटच्या पानावर लिहायला बसले.

रविवारी सकाळी साडेनऊला मी तुळशीपाशी होते. पिंपळाकडून तिचा आवाज आला. शेजारच्या वहिनींच्या दारात ती थांबली, दोघींचं काहीतरी बोलणं झालं, हसणं ऐकू आलं. माझं उत्तर तयार होतं: "आज नाका गो मावशे." गेले सात महिने तेच उत्तर आहे. ती फाटकापाशी आली, पाटी एका हाताने सावरली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि चालू लागली. "वयनी, नुस्तें जाय?" म्हणजे मासे हवेत का, तेही नाही. काहीच नाही. माझं उत्तर माझ्याकडेच राहिलं.

मला घ्यायचं नव्हतंच. मग वाईट कशाचं वाटलं?

मार्चपासून, म्हणजे घरात हात आखडता घ्यायचं ठरलं तेव्हापासून, ही वही रोज लिहिते आहे. मनापासून लिहिते. काटकसर मला कधी ओझं वाटली नाही, उलट त्यात माझं डोकं चालतं. 14.2 किलोचा सिलिंडर आधी पस्तीस-छत्तीस दिवस जायचा, आता पन्नासच्या पुढे जातो. उकडा तांदूळ रात्रीच भिजत घालायचा, सकाळी पाण्याला आधण आलं की तांदूळ वैरून पंधरा मिनिटं उकळायचा आणि टोप झाकण घट्ट लावून जुन्या घोंगडीत गुंडाळून ठेवायचा. दीड तासाने भात तयार. पाणी एकदा खळखळलं की त्याखाली आच कितीही वाढवा, ते त्याहून जास्त तापत नाही, जास्तीची आच नुसती वाफ करते. हे शाळेत शिकले होते, पण त्याचे पैसे वाचतात हे पन्नाशीला आल्यावर कळलं. गिझर बंद केला. मागे माडांची चुडतं आणि सोडणं पडलेली असतात, त्यांवर न्हाणीतलं भाण तापतं. पावसात टायकिळा, तेरें, कुड्डुकेची भाजी परसात फुकट. फणसाच्या बिया मे महिन्यातच मातीत घोळवून ठेवल्या होत्या, त्या जुलैअखेर पुरल्या. नारळ 45 रुपयांवर गेला तसं सोलकढीऐवजी नारळाच्या रसाविना होणारी फुटी कढी सुरू केली. ती आमच्याकडे आवडीने पितात, त्यात हाल कसले? 22 सप्टेंबरला साबण आणि टूथपेस्टवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आला, तेव्हा जुन्या आणि नव्या पाकिटांवरच्या किमती शेजारी शेजारी मांडून फरकही लिहून ठेवला. गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे 1,500 येतात ते सरळ लेकीच्या रकान्यात जातात, त्यांना हात लावत नाही.

आणि नुस्त्याचा रकाना. जानेवारीत 2,350. फेब्रुवारीत 2,100. एप्रिलमध्ये 900. सप्टेंबरमध्ये 200. वहीतली सगळ्यात देखणी उतरण हीच. महिनाअखेर बेरीज करताना मी या रकान्याकडे अभिमानाने बघत असे.

त्यातला बराचसा भाग पंचांगाने केला, हे आज कबूल करते. 1 जून ते 31 जुलै मासेमारीची बंदी. त्या दिवसांत नुस्तं महाग, तेव्हा नको म्हणणं कुणालाच विचित्र वाटत नाही. 25 जुलैला श्रावण लागला. आमच्याकडे श्रावण पाळतातच. मग गणपतीची चवथ. मग म्हाळ, म्हणजे पितृपक्ष. मग नवरात्र. चार महिने माझ्या प्रत्येक "नाका"ला देवाधर्माचं कारण होतं आणि मी ते कारण पुढे करत होते. श्रावणातल्या सोमवारी दिवा लावताना, या महिन्यात नुस्त्याचे पैसे लागणार नाहीत, हा विचार माझ्या मनात यायचा. तो विचार देवापुढे आला याची लाज वाटते. दसरा झाला आणि कारणं संपली. आता नको म्हटलं की ते फक्त माझं नको.

ते तिला कळलं असणार. वीस वर्षं दारोदार फिरणाऱ्या बाईला घरातलं काय कळत नाही? केरात काय आहे, अंगणात किती कपडे वाळताहेत, कोणाच्या चुलीवर काय शिजतंय, सगळं तिला दिसतं. दारात उभं राहून ती क्षणात ओळखत असेल की आज इथे काही खपणार नाही. मग पाटी उतरवायची कशाला? ती पाटी उतरवताना तिच्या मानेची शीर कशी ताठ होते ते मी पाहिलंय. उगाच तेवढे कष्ट तिने का घ्यावेत? हे पटतं. पटून झाल्यावर पुन्हा तेच: तिने हाक मारली नाही.

सोमवारी दिवसभर मला आमचीच कीव येत होती. लिहायला बरं वाटत नाही, पण येत होती. वाड्यावर ज्या घरांना ती हाक मारते आणि ज्या घरांना मारत नाही अशा दोन याद्या असाव्यात, आणि आम्ही दुसरीत गेलो, असं वाटत राहिलं. दुपारी फुटी कढी-भात जेवताना हे काही बोलले नाहीत. एरवीही बोलत नाहीत. पण सोमवारी ते न बोलणंही मला त्या यादीतलंच वाटलं.

काटकसर काही मी आज पहिल्यांदा करत नाही. माझ्या माहेरी आई पुरुमेंत भरायची. हा शब्द पोर्तुगीज प्रोविमेंतोवरून आला म्हणतात. आईला पोर्तुगीजचं अक्षर माहीत नव्हतं, पण एप्रिल लागला की सोलं, चिंच, मिरच्या, सुके बांगडे, गालमो, मिठातली तोरं, सगळं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून किंवा परसातून गोळा होऊन माळ्यावर जायचं. पावसाचे चार महिने आम्ही तेच खायचो. सगळेच तेच खायचे. त्याला कोणी गरिबी म्हणत नव्हतं, त्याला पावसाळा म्हणायचे.

आणि 2018. 7 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले 88 खाणपट्टे रद्द केले आणि 16 मार्चपासून खाणी थांबल्या. खाणीचा माल वाहणारा आमचा टिपर दारात उभा राहिला, समोरच्यांचा उभा राहिला, वळणावरच्यांचे दोन उभे राहिले. तो टिपर गेला त्या दिवसाबद्दल लिहीत नाही. पण त्या वर्षी घरात काय शिजतं हे कुणी कुणापासून लपवलं नाही, कारण सगळ्यांच्या टोपात तेच होतं. तिचंही तेच. अख्खा वाडा नुस्तं घेईनासा झाला तर ती काय खाणार? तरी ती यायची. तिने त्या वर्षी आम्हांला उधार दिलं. "फुडें दी, पळून वचना मगो तूं?" म्हणायची. पळून जाणार कुठे, मी म्हणायचे. जून लागायच्या आधी तिची उधारी 640 रुपये होती, ती गणपतीच्या आधी फेडली. जुन्या वहीत आहे ते. आज दुपारी ती वहीही काढून पाहिली.

तेव्हा तिने पाटी उतरवली, हाक मारली. आता मात्र नाही. तेव्हाचं नसणं सगळ्यांचं होतं, आताचं आमच्याच घराचं आहे, एवढाच काय तो फरक.

यापुढचं लिहावं की नाही असं मघापासून चाललंय.

दर चवथीला तिला नेवऱ्या, म्हणजे करंज्या, जातात. सासूबाई द्यायच्या, त्यांच्यानंतर मी. पानात बांधून दहा-बारा नेवऱ्या, चार लाडू, नारळाची करवंटी भरून प्रसाद. ती गणपतीला नमस्कार करायला येत नाही, तिच्या घरी तिचा गणपती असतो. पण चवथ झाल्यावर पहिल्यांदा पाटी घेऊन आली की आधी नेवऱ्या घेते, मग पाटी उतरवते. आणि त्या दिवशीच्या वाट्यात एखादं सुंगट, एखादं लेपं जास्तीचं पडतं. त्याला कोणी देणं-घेणं म्हणत नाही.

या वर्षी मी नेवऱ्या मोजून केल्या. नैवेद्याच्या 21, घरच्यांसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी 40. नारळ 5 वाचले, तेल अर्धा लिटर वाचलं, वहीत आहे. वाचवलेल्यांत तिच्याही होत्या. मी तिला मुद्दाम वगळलं नाही. मोजताना तिचं घर माझ्या डोळ्यांसमोर आलंच नाही. मुद्दाम वगळलं असतं तर निदान माझी मला लाज वाटली असती आणि मी दोन नेवऱ्या तरी बाजूला ठेवल्या असत्या. सप्टेंबरात ती पहिल्यांदा आली तेव्हा फाटकापाशी थोडी थांबली होती. मी म्हटलं, "म्हाळ आसा मावशे, आतां नाका." ती "बरें" म्हणाली आणि गेली. ती नेवऱ्यांसाठी थांबली होती हे मला परवा, सोमवारी रात्री अंथरुणात कळलं. महिन्याभराने. उठून पाणी प्याले. झोप लागली नाही.

म्हणजे हाक आधी मीच चुकवली होती.

आज बुधवार. डिचोलीचा बाजार असतो म्हणून ती आज उशिरा येते, साडेदहाला. मी दहापासून फाटकाशी उभी. हातात 100 ची नोट, पदरात धरलेली. उगाच फाटकाच्या कडीला तेल घातलं, माडाची पडलेली पातीं गोळा केली. ती आली. मीच हाक मारली, "मावशे!" तिने पाटी उतरवली. आत थोडेसे तारले आणि मोडलेले तीन बांगडे, एवढंच. बर्फाचं पाणी.

मी विचारलं. सरळ विचारलं, मला आडून बोलता येत नाही. "आयतारा उलो मारूंक ना तो?" रविवारी हाक का मारली नाहीस?

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला आठवेचना. मग हसली. "आगे वयनी, पांटल्यांत कितें उरता? तीं नवीं बिल्डिंगां न्हय, थंयच सोंपता." रस्त्याच्या तोंडाशी दोन नव्या इमारती झाल्यात, तिथली माणसं सकाळी साडेआठलाच खाली उतरून अख्ख्या पाटीतलं निवडून नेतात, भाव करत नाहीत. आमच्या वाड्यापर्यंत येईतो तळ लागतो. शेजारच्या वहिनींचं तिने आधीच बाजूला ठेवलेलं असतं, कारण त्या सांगून ठेवतात. बाकीच्या दारांवरून ती नुसती घरी जायला निघालेली असते. घरी जायची वाट आमच्या दारावरूनच आहे.

यादी नव्हती. आमच्यावर तिचा राग नव्हता, कीवही नव्हती. रविवारी पाटी रिकामी होती.

मला हायसं वाटलं, अगदी डोळ्यांत पाणी येण्याइतकं. आणि मग तिचा हिशेब माझ्या लक्षात आला. माझे सात महिन्यांचे "नाका" तिला लागले नाहीत, कारण तिला दुसरं गिऱ्हाईक मिळालं. चांगलंच झालं. तिच्या गुडघ्यांना आता सगळा वाडा फिरणं झेपत नाही. सकाळी साडेआठला पाटी संपते यासारखं सुख तिला दुसरं काय? मी तिच्यासाठी खरंच खूश आहे. आणि तरी, ती मला विसरू शकते हे मला माहीत नव्हतं. मी तिच्या नेवऱ्या विसरले तशीच.

नेवऱ्यांचं तिने काढलं नाही. मीही काढू शकले नाही. तोंडापर्यंत आलं होतं.

तारल्यांचा वाटा 50 ला घेतला. मोडलेला एक बांगडा तिने वर टाकला, "मांजराक," म्हणाली. आमच्याकडे मांजर नाही, हे तिला ठाऊक आहे. मग म्हणाली, "आयतारा दवरूं?" रविवारी बाजूला ठेवू का. मी म्हटलं, "दवर." किती, कशाचा वाटा, काहीच विचारलं नाही. यांनी आज दोनदा भात घेतला. तारल्यांना तिरफळं घातली होती, अर्ध्या नारळाचं वाटण. बांगडा मी खाल्ला.

वहीत नुस्त्यापुढे 50 लिहिलंय, नारळापुढे 23. रविवारचे 100 पेन्सिलीने. ते कुठून काढायचे तेही बघून ठेवलंय. टीव्हीचं दुसरं रिचार्ज दिवाळीनंतर भरणार नाही, बातम्या तशाही हे मोबाईलवरच वाचतात.

रविवारी, 19 ला, रात्री वाड्यावर नरकासुराचा पुतळा. फोव, म्हणजे दिवाळीचे पोहे, सोमवारी पहाटे, ती सोमवारी येत नाही. म्हणजे फोव तिच्यापर्यंत जायचे नाहीत. शनिवारी संध्याकाळी करायच्या तर नेवऱ्याच कराव्या लागतील. एक नारळ, पाव किलो गूळ, बारा होतील. तेल कढईत खूप ओतू नये, छोट्या लोखंडी कढईत दोन-दोन तळल्या तर पाव लिटरात निभतं. चवथीच्या नेवऱ्या दिवाळीत कशा, असं ती विचारेल. विचारू दे. रव्याच्या डब्यात किती आहे ते सकाळी बघते.