काखेतीत वाईन करायला जाताय? आधी रांजण धुण्याबद्दल वाचा

जमिनीवर पालथं पडून, डोकं जमिनीत पुरलेल्या रांजणाच्या तोंडात घालून, सलग तीन तास घासायची तयारी असेल तरच जॉर्जिया देशातल्या काखेती भागात वाईन करायला जा. नुसती प्यायची असेल तर तिथल्या सिघनाघी गावात एक दिवस पुरतो.

हे सुरुवातीलाच सांगतेय, कारण आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मी आणि धाकटा भाऊ सप्टेंबरअखेर जॉर्जियात तेलावीजवळच्या एका छोट्या सेंद्रिय बागेत नऊ दिवस राहिलो. ज्याने बुकिंग करून दिलं त्याने लिहिलं होतं : सकाळी दोन तास द्राक्षतोडणी, मग पायाने तुडवणं, मग जेवण. आणि पुढे एक वाक्य होतं, जे मी निफाडला घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. नैसर्गिक वाईनमध्ये माणसाने काही करायचं नसतं, सगळं द्राक्षंच करतात.

हे साफ खोटं आहे. बाहेरून काही घालायचं नसतं, एवढंच त्यात खरं. विकतचं यीस्ट नाही, एन्झाइम नाही, सल्फाइट नाही किंवा अगदी नावाला. म्हणजे चूक झाली तर सावरायला हाताशी काही नसतं. सगळा भार पडतो धुण्यावर आणि राखणीवर.

आधी टॅक्सीचं सांगते, कारण अजून राग गेलेला नाही. राजधानी तिबिलिसीहून तेलावीला गोम्बोरी घाटाने गेलो. घाटमाथा 1620 मीटरवर आहे, वळणं भरपूर, रस्ता वाईट नाही. ठरले होते 120 लारी, लारीचा भाव साधारण 30 रुपये धरा. पोचल्यावर चालक म्हणाला, 120 एका माणसाचे. सामान डिकीत आणि डिकीला कुलूप. अर्धा तास हुज्जत घालून 160 वर सुटलो. तुम्ही गाडीच्या पूर्ण भाड्याचा आकडा मोबाइलवर लिहून दाखवा, त्याने मान डोलावली की मगच बॅग आत ठेवा. एकटे असाल तर तिबिलिसीतल्या ओर्ताचालाच्या स्थानकावरून मार्श्रुत्का, म्हणजे वडापसारखी छोटी बस, पकडा. दाटीवाटीने बसावं लागतं, पण भाडं सगळ्यांना सारखं.

बाग पाहून पहिला भ्रम गेला. आमच्याकडे कितीतरी जणांना वाटतं की सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही. भुरी आणि डावणी हे बुरशीचे रोग तिकडेही येतात, आणि तिकडेही गंधक आणि तांबंच मारतात. फरक एवढाच की आंतरप्रवाही, म्हणजे झाडात भिनणारी, औषधं नाहीत आणि तणनाशक नाही, म्हणून ओळींमध्ये गुडघाभर गवत. आजोबा (बागेचे मालक, सगळे त्यांना बाबुआ म्हणतात) मणी चावून बी पाहायचे. बी तपकिरी, देठ पिकलेला, तर तोड. तरी ब्रिक्सही, म्हणजे रसातली साखर, मोजलं, 24 भरलं. जात र्कात्सितेली, पांढरी. तोडणी दोन दिवस चालली. सोपं काम आहे, त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही.

धुणं मात्र तोडणीच्या आधी. क्वेव्री म्हणजे मातीचा प्रचंड रांजण, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. या पद्धतीला 2013 मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आमच्या वाट्याला हजार लिटरचा रांजण आला. आतून मधमाशीच्या मेणाचा हात दिलेला असतो, पण मेण सगळी छिद्रं बुजवत नाही. भाजलेली माती श्वास घेते आणि वासही धरून ठेवते. गेल्या वर्षीचा आंबटपणा एखाद्या कपारीत राहिला तर टनभर द्राक्षांचं व्हिनेगर होईल. तारेचा ब्रश चालत नाही, मेण खरवडलं जातं. साबण चालत नाही, तो मुरतो. चेरीच्या सालीच्या चकत्या एकावर एक ओवून लांब दांड्याला बसवलेल्या असतात, त्याने घासायचं. मग वाळक्या भोपळ्याच्या पळीने पाणी उपसायचं. पुन्हा पाणी, पुन्हा घासणं. बाबुआ तळातलं पाणी ओंजळीत घेऊन हुंगत आणि मान हलवत. सहाव्या पाण्याला माझा खांदा उचलेना. नवव्या पाण्याला त्यांनी ओंजळ पिऊन टाकली. तेव्हा मला रडू आलं, आणि ते थकव्याचं नव्हतं. आमच्या आज्जीने लोणच्याची बरणी अशीच हुंगून परत घासायला लावलेली मला आठवत होती.

मोठ्या रांजणात माणूस आत उतरून धुतो. तुम्हाला कोणी गमतीने सांगितलं तरी उतरू नका, आणि मारानीत, म्हणजे तळघरासारख्या वाईनघरात, रस आंबत असताना एकट्याने जाऊ नका. आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरलेली माणसं आपल्याकडे कशी गेली ते गावात सगळ्यांना माहीत आहे. दार आधी उघडा, थांबा, मग आत जा. नाकात झिणझिणलं की लगेच बाहेर.

द्राक्षं चिरडून साल, बी आणि पिकलेले देठ यांच्यासकट रांजणात जातात. काठोकाठ भरत नाहीत, पाचवा हिस्सा रिकामा ठेवतात. तिसऱ्या दिवशी साल वर येऊन जाड थर धरते. तो थर हवेत राहिला तर तापतो, सुकतो आणि आंबट पडतो, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा लाकडी दट्ट्याने खाली दाबायचा. रात्रीसुद्धा. दोनची पाळी आमची होती. पहिल्या रात्री दट्ट्या थरावर बसला आणि हललाच नाही, भावाने आणि मी मिळून जोर लावला तेव्हा खालून गरम फेस फुसफुसत वर आला, मोसंबी आणि ताज्या पावाचा वास घेऊन. त्या वासासाठी मी पुन्हा जाईन. पाचव्या रात्रीनंतर मात्र मला माणसं नकोशी झाली होती, त्यामुळे सिघनाघी, अलावेर्दीचा मठ, अक्रोडाची चुर्चखेला नावाची मिठाई यांबद्दल माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. सगळं छान आहे.

शाकाहारींनी घाबरू नये. लोबिआनी, म्हणजे घेवड्याचं सारण भरलेली रोटी, आणि अक्रोडाचं वाटण लावलेली वांगी रोज मिळाली.

सोबत काय न्याल : कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, गुडघ्याखाली घालायला जाड चटई, डोक्याला बांधायची बॅटरी, टाकून देता येतील असे कपडे. परत आणताना अर्धवट आंबलेली नवी वाईन बाटलीत भरून बॅगेत ठेवू नका, गॅसने बाटली फुटते. भावाची एक तिबिलिसीतच फुटली. गेल्या वर्षीची तयार वाईन घ्या, आणि मुंबईला माणशी दोन लिटरच्या वर कस्टम लागतं हे लक्षात ठेवा.

शेवटचं आणि महत्त्वाचं, बुकिंग करताना तारीख बागवाल्यालाच विचारा. दलालाने दिलेली तारीख धरू नका. तोडणी पावसावर आणि साखरेवर ठरते, आमचीही पुढे गेली. त्यामुळे सालीचा थर तळाला बसताना आणि झाकणावर ओली माती लिंपताना आम्ही नव्हतो. बाबुआंच्या नातीने फोटो पाठवला. रांजण एप्रिलमध्ये उघडणार आहे. तिकिटं काढली आहेत, या वेळी मार्श्रुत्काने जाऊ.